एल अँड टीमधला 'टी'

आमच्या लॅबमधल्या सर्किट ब्रेकरवर एल अँड टीचं नाव आहे. नगरच्या एमआयडीसीत त्यांचा स्विचगिअरचा कारखाना होता, 2020 मध्ये तो धंदा श्नायडरकडे गेला. या नावातला 'एल' म्हणजे होल्क-लार्सन, 'टी' म्हणजे सोरेन टुब्रो. मला टुब्रोंबद्दल लिहायचंय.

टुब्रो डॅनिश, जन्म 1906. सिव्हिल इंजिनिअर. 1934 मध्ये सिमेंट कारखान्याच्या कामासाठी भारतात आले. 1938 मध्ये लार्सनबरोबर मुंबईत फर्म काढली. ऑफिस एवढंसं, की एका वेळी एकच पार्टनर बसणार! धंदा डेन्मार्कची यंत्रं आणून विकायचा. 1940 मध्ये जर्मनीने डेन्मार्क घेतला नि माल यायचा बंद. दुसऱ्या कोणी गाशा गुंडाळला असता. यांनी वर्कशॉप टाकलं, इथेच यंत्रं बनवायला घेतली, जहाजंसुद्धा दुरुस्त केली. पुढे कंपनी स्विचगिअरही बनवू लागली.

ते काही सोपं काम नाही. शॉर्ट सर्किटला करंट हजारो अँपिअरवर जातो. ब्रेकरचे कॉन्टॅक्ट उघडले तरी मधल्या हवेतून आर्क पेटून तो वाहतच राहतो. एअर ब्रेकरमध्ये हा आर्क वरच्या लोखंडी पट्ट्यांत ढकलतात, तिथे त्याचे तुकडे होऊन तो थंड पडतो. आपला एसी करंट सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो. त्या क्षणी विझलेला आर्क परत पेटला, तर ब्रेकर फुटून समोरचा माणूस भाजू शकतो.

टुब्रो 1962 मध्ये रोजच्या कामातून बाजूला झाले, 1982 मध्ये वारले. लार्सन 2003 पर्यंत होते, म्हणून बहुतेक त्यांचंच नाव जास्त ऐकू येतं.