वाल्डेमार हाफकिन व उंढेरा गावची मोजणी

अंबरनाथ, बदलापूर व उल्हासनगर येथील आमच्या वाचकांनी मुंबईतील परळच्या हाफकिन संस्थेचे नाव ऐकलेच असेल. ज्यांचे नाव तिला 1925 साली देण्यात आले, त्यांचा वृत्तान्त मात्र थोड्यांसच ठाऊक असतो.

हाफकिन साहेबांचा जन्म 1860 साली ओडेसा नगरात एका यहूदी कुटुंबात झाला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत असता त्यांनी पटकीची लस सिद्ध केली, व 1893 साली ते हिंदुस्थानात आले. 1896 साली मुंबईत प्लेग उद्भवला. हजारो लोक आगगाडीने शहर सोडून पळाले. साहेबांनी तेथे प्लेगची लस तयार केली व 10 जानेवारी 1897 रोजी प्रथम आपल्याच अंगात टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगातील अनेक कैद्यांनी ती आपखुशीने घेतली, आणि त्यांच्यात रोग कमी झाला.

येथे विचारी मनुष्यास शंका येते, आणि ती यावीच. जो आपण होऊन पुढे येतो, तो बहुधा इतरांहून सावध असतो. कोणी सुस्थितीत असतो, कोणी हवेशीर घरात राहतो. असा मनुष्य वाचला, तर त्यास लशीने तारले की त्याच्या राहणीने?

ह्याचा उलगडा फेब्रुवारी 1898 मध्ये बडोदे संस्थानातील उंढेरा गावी झाला. साहेबांनी एकेका कुटुंबातील सुमारे निम्म्या माणसांस लस टोचली व बाकीच्यांस तसेच ठेवले. घर एक, चूल एक, घरातले उंदीरही तेच. पुढे ज्या 28 कुटुंबांत प्लेग शिरला, त्यांत टोचलेली माणसे 71 होती. 8 आजारी पडली, 3 मेली. न टोचलेली 64 होती. 27 आजारी पडली, 26 मेली. एकाच ओसरीवर बसणाऱ्या भावाभावांत हा भेद पडला. त्या 26 जणांची आठवण झाली म्हणजे आमचे मन कष्टी होते. पण लस खरोखर किती तारते, हे तोवर कोणासच निश्चित ठाऊक नव्हते.

1902 साली पंजाबातील मुलकोवाल गावी लस घेतलेल्यांपैकी 19 जण धनुर्वाताने मेले, आणि सर्व दोष साहेबांच्या माथी आला. वास्तविक त्या दिवशी 107 जणांस लस दिली होती, व मेलेले ते सर्व एकाच कुपीतील लस घेतलेले होते; इतर कुप्यांतील लस घेणाऱ्यांस तो रोग झाला नाही. मग दोष लशीचा, की त्या एका कुपीत शिरलेल्या विषाचा? एवढी साधी गोष्ट मान्य होण्यास 1907 साल उजाडले. साहेब निर्दोष ठरले व पुन्हा कलकत्त्यास कामावर रुजू झाले. 1930 साली स्वित्झर्लंडातील लोझान येथे ते मरण पावले.