फार्मसीच्या एका विषयात अडकलेल्या माणसानं रॉकेलचा दिवा पेटवला

एक काळ होता, संध्याकाळ झाली की घराघरात कंदिलाच्या काचा पुसायला घ्यायचे. राखेनं किंवा जुन्या धोतराच्या फडक्यानं काच लख्ख करायची, वात कापायची, टाकीत घासलेट भरायचं. मग त्या पिवळ्या उजेडात पोरांचा अभ्यास. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील तर महाराष्ट्रातल्या कित्येक घरांनी वापरला.

पण रॉकेलवर चालणारा दिवा नेमका आला कुठून?

यामागं एखादा मोठा कारखानदार किंवा नावाजलेला शास्त्रज्ञ असेल असं वाटतं. पण हा दिवा आला तो एका मेडिकल दुकानाच्या मागच्या खोलीतून. तो पेटवणारा माणूस फार्मसिस्ट होता. शाळा अर्धवट सुटलेली, राजद्रोहाच्या संशयावरून जेलात जाऊन आलेला आणि फार्मसीची डिग्री एका विषयापायी अडकलेला.

त्याचं नाव इग्नात्सी वुकाशेविच.

८ मार्च १८२२ ला झादुश्निकी नावाच्या खेड्यात त्याचा जन्म झाला. हे खेडं आज पोलंडमध्ये आहे, पण तेव्हा पोलंड नावाचा देशच नकाशावर नव्हता. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या तिघांनी मिळून तो वाटून घेतला होता. वुकाशेविचचं गाव ऑस्ट्रियाच्या वाट्याला आलेल्या गॅलिशिया प्रांतात होतं.

घराणं नावाला खानदानी, हातात पैसा नाही. पाच भावंडांत इग्नात्सी सगळ्यात धाकटा. कुटुंब झेशुफ नावाच्या गावात राहायला आलं. तिथं तो शाळेत जाऊ लागला, पण १८३६ मध्ये वडील वारले आणि शाळा सुटली. तेव्हा तो १४ वर्षांचा होता.

चार पैसे मिळावेत म्हणून तो वान्त्सुत गावातल्या एका औषधाच्या दुकानात उमेदवारीला लागला.

आता तेव्हाची फार्मसी कशी होती ते समजून घ्यायला हवं. आजच्यासारखं बारावी झाली, सीईटी दिली आणि कॉलेजला ॲडमिशन घेतलं, असं नव्हतं. तयार गोळ्यांची पाकिटं नव्हती. मुळं, साली, बिया खलात कुटायच्या, अर्क काढायचे, मलमं घोटायची, सगळं दुकानातच. पोरगा आधी काही वर्षं उमेदवारी करायचा. मग त्याची परीक्षा व्हायची आणि तो मदतनीस बनायचा. पुढं स्वतःच्या जबाबदारीवर दुकान चालवायचं असेल तर विद्यापीठात जाऊन 'मास्टर ऑफ फार्मसी' ही पदवी घ्यावी लागायची.

पदवी नसली तर जन्मभर दुसऱ्याच्या दुकानात खल घोटायचा.

वुकाशेविचनं उमेदवारीची परीक्षा १८४० मध्ये पास केली आणि झेशुफमध्ये मदतनीस म्हणून कामाला लागला. हुशारी होती, हातात कसब होतं. पण पदवीसाठी विद्यापीठात जायला पैसे नव्हते.

त्यात आणखी एक भानगड झाली.

दुकानात काम करता करता तो गुप्त चळवळीत ओढला गेला. पोलंड स्वतंत्र करायचा म्हणून तरुणांचे गट उठावाची तयारी करत होते. वुकाशेविच झेशुफमधला त्यांचा माणूस झाला. औषधाचं दुकान म्हणजे दिवसभर लोकांची ये-जा, कुणाला संशय येणार नाही अशी जागा. पण ऑस्ट्रियाच्या पोलिसांना कुणकुण लागली. फेब्रुवारी १८४६ मध्ये, उठाव व्हायच्या तोंडावरच, त्याला उचललं.

पुढची जवळजवळ दोन वर्षं जेलात गेली. ठोस पुरावा मिळाला नाही म्हणून १८४७ च्या डिसेंबरअखेर सोडून दिलं, पण मोकळं केलं नाही. ल्वूफ शहरात राहायचं आणि पोलिसांच्या नजरेखाली राहायचं, असा हुकूम झाला. हे ल्वूफ म्हणजे आज युक्रेनमध्ये असलेलं ल्विव्ह.

वय २५, शिक्षण अर्धवट, वर जेलचा शिक्का. अशा माणसाला नोकरी कोण देणार?

ती दिली पिओत्र मिकोलाश यांनी. ल्वूफमधल्या सगळ्यात मोठ्या औषध दुकानांपैकी एक त्यांचं होतं. १८४८ मध्ये वुकाशेविच तिथं रुजू झाला. इथं त्याला चांगली प्रयोगशाळा मिळाली. औषधांच्या कृती आणि रसायनांची माहिती तो एका वहीत टिपून ठेवायचा. ही जाडजूड वही पुढं त्याच्या कामाचा पुरावा म्हणून ओळखली गेली.

या पोराला पुढं शिकवलं पाहिजे हे मिकोलाश यांनी ओळखलं. त्यांच्या मदतीनं १८५० मध्ये त्याला शिकायला बाहेर पडायची परवानगी मिळाली आणि तो क्राकूफच्या यागिएलोनियन विद्यापीठात दाखल झाला. खर्चाचा बराचसा भारही मिकोलाश यांनीच उचलला.

वयाच्या २८ व्या वर्षी वुकाशेविच पहिल्यांदा विद्यापीठाच्या बाकावर बसला. दुकानात बरीच वर्षं काढलेली असल्यामुळं प्रात्यक्षिकाची भीती नव्हती. एकेक परीक्षा तो पास होत गेला.

आणि एका विषयात गाडी अडली. विषय होता फार्माकॉग्नोसी.

बी. फार्म. केलेल्यांना हा विषय वेगळा सांगायला नको. वनस्पती, प्राणी आणि खनिजांपासून मिळणारी कच्ची औषधं ओळखायची. सालीचा तुकडा समोर ठेवला की तो कुठल्या झाडाचा, असली की नकली, त्यात कोणता गुण, हे सगळं सांगायचं. त्या काळात तर हा विषय म्हणजे औषधशास्त्राचा कणाच होता. हा एक विषय राहिला आणि क्राकूफमध्ये त्याची पदवी पूर्ण झाली नाही.

बाकी सगळं पास, पण हातात कागद नाही. दुसऱ्याच्या पैशावर शिकणाऱ्या माणसासाठी ही साधी गोष्ट नव्हती.

वुकाशेविच माघारी फिरला नाही. त्यानं थेट ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना गाठली आणि तिथल्या विद्यापीठात शिक्षण पूर्ण केलं. ३० जुलै १८५२ ला त्याला फार्मसीची पदवी मिळाली. तेव्हा त्याचं वय होतं ३० वर्षं. ज्या साम्राज्यानं त्याला जेलात टाकलं होतं, त्याच्याच राजधानीतून तो पदवी घेऊन आला.

ल्वूफला परतल्यावर त्याच्यासमोर एक काळं, घाण वासाचं तेल आलं.

कार्पेथियन डोंगरांच्या पायथ्याशी हे तेल जमिनीतून आपोआप झिरपायचं. शेतकरी ते गाडीच्या चाकांना वंगण म्हणून लावायचे, जनावरांच्या खरजेवर चोळायचे. पोलिश लोक त्याला खडकाचं तेल म्हणायचे. आपल्याकडचा 'रॉकेल' हा शब्दसुद्धा इंग्रजीतल्या 'रॉक ऑइल'वरून आला असं मानतात, म्हणजे अर्थ तोच.

औषधाच्या दुकानांत शुद्ध केलेलं खडकाचं तेल विकलं जायचं. पण ते इटलीतून यायचं आणि महाग पडायचं. तेच इथं बनवता आलं तर धंदा होईल, असा हिशोब होता. वुकाशेविच आणि दुकानातला त्याचा सहकारी यान झेह हे दोघं कामाला लागले.

तेल शुद्ध झालं, पण औषध म्हणून त्याला गिऱ्हाईक मिळेना. मग दोघांनी वेगळा विचार केला. हे तेल जळतं, तर ते दिव्यात का घालू नये?

त्या काळी उजेडासाठी मेणबत्त्या होत्या, मोहरीसारख्या बियांचं तेल होतं आणि देवमाशाची चरबी होती. वनस्पतींचं तेल घट्ट असल्यामुळं वातीतून नीट वर चढायचं नाही, उजेड मंद पडायचा. देवमाशाचं तेल महाग. जमिनीतलं तेल पातळ होतं, पण त्याची दोन दुखणी होती. त्यातला हलका भाग, म्हणजे पेट्रोलसारखा द्रव, पटकन पेट घेऊन स्फोट करायचा. जड भाग जळताना काजळी आणि दुर्गंधी सोडायचा.

उपाय असा, की तेल तापवायचं, सुरुवातीला निघणारी हलकी वाफ बाजूला काढायची, शेवटचा डांबरासारखा गाळ सोडून द्यायचा आणि फक्त मधला भाग घ्यायचा. मग तो सल्फ्युरिक ॲसिड आणि सोड्यानं धुवायचा. अर्क काढणं, उष्णता सांभाळणं, गाळणं, धुणं, हे सगळं फार्मसिस्टच्या रोजच्या हातखंड्यातलं काम. १४ व्या वर्षापासून वुकाशेविच तेच करत आला होता.

तेल तयार झालं, पण ते जाळायला दिवा नव्हता. जुन्या दिव्यांत हे तेल घातलं की भडका उडायचा. मग आदाम ब्रातकोव्स्की या पत्र्याचं काम करणाऱ्या कारागिराकडून नवा दिवा बनवून घेतला. खाली धातूची टाकी, मध्ये वात, वर हवा खेळवणारं नळकांडं. १८५३ च्या वसंतात हा दिवा मिकोलाश यांच्या दुकानाच्या काचेत झळकला आणि ल्वूफकर थांबून बघू लागले.

खरी कसोटी लागली ती ३१ जुलै १८५३ ला. ल्वूफच्या सार्वजनिक दवाखान्यात एका रुग्णाचं ऑपरेशन रात्रीच करावं लागणार होतं. मेणबत्तीच्या हलत्या उजेडात चाकू चालवणं म्हणजे जिवाशी खेळ. तेव्हा वुकाशेविचचे दिवे मागवले गेले. त्या उजेडात ऑपरेशन पार पडलं. त्यानंतर दवाखान्यानं ५०० किलो केरोसीनची ऑर्डर दिली.

आजही पोलंडमध्ये ३१ जुलै हा तेल उद्योगाचा जन्मदिवस मानतात.

आता केरोसीन बनवणारा जगातला तो एकटाच नव्हता. कॅनडात अब्राहम गेस्नर यांनी त्याच्या आधीच कोळशापासून असं तेल काढून दाखवलं होतं. पण जमिनीतून निघणारं तेल, ते शुद्ध करायची पद्धत आणि ते जाळणारा दिवा, ही सगळी साखळी वुकाशेविचनं जुळवून आणली.

पुढं तो गोर्लित्से गावात गेला आणि तिथं एक औषधाचं दुकान चालवायला घेतलं. पदवी होती म्हणूनच ते जमलं. याच गावात १८५४ मध्ये रस्त्यावर केरोसीनचा दिवा लागला.

पण झिरपणाऱ्या तेलावर किती दिवस भागणार? १८५४ मध्येच तितुस त्शेचेस्की या जमीनदाराच्या साथीनं त्यानं बुब्रका गावात तेलाची खाण सुरू केली. तिथं हातानं विहिरी खणून तेल काढलं जायचं. अमेरिकेत एडविन ड्रेकची प्रसिद्ध विहीर लागली ती १८५९ मध्ये, म्हणजे पाच वर्षांनंतर. १८५६ मध्ये वुकाशेविचनं उलाशोवित्सेला रिफायनरीही टाकली.

हे सगळं सुरळीत झालं असं नाही. उलाशोवित्सेची रिफायनरी १८५९ मध्ये जळून खाक झाली. त्याच वर्षी त्याची एकुलती एक लहान मुलगी गेली. ल्वूफमध्ये राहिलेल्या यान झेहवर तर त्याआधीच आभाळ कोसळलं होतं. १८५८ मध्ये त्याच्या केरोसीनच्या दुकानात आग लागली आणि त्यात त्याची बायको आणि मेव्हणी दोघी दगावल्या. झेहनं तेलाचा धंदा सोडला आणि तो परत औषधाच्या दुकानाकडं वळला. पुढं त्याचं नाव बरंचसं विस्मरणात गेलं.

वुकाशेविच टिकून राहिला. नवीन रिफायनऱ्या उभ्या राहिल्या, पैसा आला. होरकुफ्का गावात त्यानं जमीनजुमला घेतला. १८६३ मध्ये रशियाविरुद्ध पोलिश उठाव झाला, तेव्हा तिथून पळून आलेल्यांना त्यानं आसरा दिला आणि काम दिलं. जेलात घालवलेले दिवस तो विसरला नव्हता.

आपल्या कामगारांसाठी त्यानं एक निधी सुरू केला. पगारातून थोडी रक्कम कापायची आणि आजारपणात, अपघातात किंवा म्हातारपणी त्यातून मदत द्यायची. त्या भागात असा प्रकार कुणी ऐकलाही नव्हता. भोवतालच्या गावांत त्यानं रस्ते, पूल आणि शाळांसाठी पैसा ओतला.

७ जानेवारी १८८२ ला न्यूमोनियानं त्याचं निधन झालं. झ्रेन्चिन गावात त्याची समाधी आहे. बुब्रकाच्या खाणीचं आज संग्रहालय झालंय आणि त्याच्या काळात हातानं खणलेल्या विहिरी तिथं अजून बघायला मिळतात. त्याच्या जन्माला २०० वर्षं झाली म्हणून पोलंडच्या संसदेनं २०२२ हे वर्ष त्याच्या नावानं जाहीर केलं होतं.

एक विषय राहिला म्हणून क्राकूफमधूनच तो परत आला असता, तर कुठल्यातरी दुकानात मदतनीस म्हणून त्याचं आयुष्य गेलं असतं. विजेच्या आधी जगभरातल्या कितीतरी पोरांनी ज्या तेलाच्या उजेडात परीक्षेचा अभ्यास केला, त्या तेलामागं परीक्षेत अडकलेलाच एक विद्यार्थी होता.