खर्जातून वर चढलेला आवाज : पं. विष्णु दिगंबर पलुस्कर



निवृत्तिनाथ महाराजांच्या पालखीमागं आपण त्र्यंबकेश्वराहून निघतो तेव्हा पहिल्या दिवशी टाळकरी पोरं पट्टी अशी काही चढवतात, की सिन्नर सोडता सोडता निम्म्यांचे आवाज बसलेले असतात. पुढं नगरपर्यंत खडीसाखर, ज्येष्ठमध आणि गरम पाणी. ज्याचा आवाज मुळात खालचा, ढाल्या, तो तर बिचारा मागच्या ओळीत जाऊन नुसते टाळ वाजवतो. वर आवाज जात नाही म्हणतो आणि भजन सोडतो. अशा माळकऱ्यांसाठी नाशकात राहून गेलेल्या एका मोठ्या गवयाचं चरित्र इथं देत आहे. आपल्या दिंडीनं पंढरीची वाट धरली त्याच सुमारास हे बुवा गोदाकाठी रामनाम गात होते.

विष्णु दिगंबरांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ चा, कृष्णाकाठच्या कुरुंदवाडचा. वडील दिगंबरबुवा कीर्तनकार, त्यामुळं टाळ-मृदंग आणि देवाचं नाव पाळण्यापासून कानावर. लहानपणी दत्तजयंतीच्या उत्सवात दारूकाम चालू असताना तोंडाजवळ स्फोट झाला आणि डोळे भाजले. शाळा सुटली, पुस्तक वाचता येईना. मिरजेला औषधोपचार झाले, पण नजर पुरती परत आली नाही. पोरानं आता करायचं काय? गळा बरा होता म्हणून गाणं शिकवावं असं ठरलं, आणि मिरजेतच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या पायाशी हा मुलगा बसला. वय पंधराच्या आसपास. म्हणजे नेमकं मुलाचा आवाज फुटण्याचं वय.

बाळकृष्णबुवा म्हणजे ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे गुरू. ती विद्या मिळवायला ते स्वतः वणवण फिरले होते, आणि पुढं दम्यानं त्यांना फार छळलं. गवयाला दमा म्हणजे शेतकऱ्याला दुष्काळ. आवाज किती जपून वापरायचा असतो हे अशा गुरूला कोणी सांगावं लागत नाही. शिस्त कडक होती. पहाटे उठून तंबोरा जुळवायचा आणि मेहनत सुरू.

ही मेहनत कशी असते ते जरा निवांत सांगतो, कारण आपल्या कामाचं ते आहे. तंबोऱ्याची चौथी तार खर्जाची, म्हणजे खालच्या सा ची. काकड्याच्या वेळेला गळा जड असतो, तेव्हा गवई त्या तारेकडं उतरत जातो. मधल्या सा वरून खालचा निषाद, मग धैवत, मग पंचम. एकेक सूर दम पुरेल तोवर धरायचा, हलू द्यायचा नाही, तोंड उघडं ठेवून आकारात. यात एक गंमत आहे. खालचा सूर ओरडून लागतच नाही. जोर केला की तो विरतो. म्हणून गळ्याला आपोआप सवय लागते ती सैल राहायची, आणि सूर पोटातल्या दमावर तोलायची. मग त्याच सैल गळ्यानं वर चढायचं. आज जिथवर आवाज सुखानं जातो तिथं थांबायचं. तो सूर पक्का झाला की पुढचा. मान ताणली, हनुवटी वर गेली, शिरा फुगल्या की समजावं, आज पुरे. वरचा सूर आधी हळू लावायचा, मोठा नंतर. असं महिनोन् महिने केलं की ढाला आवाजही वरच्या सा ला जाऊन टिकतो. जाताना खालचं वजन सोबत नेतो, त्यामुळं तो किरटा लागत नाही.

विष्णुबुवांनी अशी कित्येक वर्षं काढली. १८९६ साली त्यांनी मिरज सोडली. सांगतात ते असं, की एका समारंभाला त्यांना बोलावणं आलं आणि गुरूंना आलं नाही. गवयांना कशाला बोलवायचं, असं उत्तर मिळालं. ते त्यांच्या जिव्हारी लागलं. बडोदा, सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा करत ते पंजाबात पोचले आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. राजाच्या पैशावर न चालणारं, लोकांच्या आधारावर उभं राहिलेलं गाण्याचं विद्यालय. बायकांनाही तिथं शिक्षण मिळे. स्वर लिहायची पद्धतही त्यांनी बसवली : खालच्या सप्तकाच्या स्वरावर टिंब, वरच्या सप्तकाच्या स्वरावर उभी रेघ. १९०८ साली मुंबईत विद्यालय सुरू झालं. तिथून ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास असे शिष्य तयार झाले.

त्या काळी कर्णे नव्हते. काँग्रेसच्या अधिवेशनात हजारो माणसांपुढं बुवा उभे राहून वंदे मातरम् म्हणत, ते नुसत्या गळ्यावर. आवाज भरदार आणि गोड. मंडपातल्या शेवटच्या माणसापर्यंत जायचं तर केवळ उंच पट्टी पुरत नाही, आवाजाला बूड लागतं. आपल्याकडं काळी चार-पाचपर्यंत पट्टी नेण्याची हौस असते, आणि मग अभंगाचे शब्दही कळत नाहीत. माझं मत विचाराल तर विणेकऱ्यानं सगळ्यात खालच्या आवाजाच्या टाळकऱ्याकडं बघून पट्टी धरावी.

मुंबईच्या इमारतीचं कर्ज मात्र बुवांना फेडता आलं नाही. इमारत गेली. घरातलं दुःख त्याहून मोठं : बारा मुलांपैकी जगला तो एकच, १९२१ साली जन्मलेला दत्तात्रेय. बुवांनी भगवी वस्त्रं घेतली आणि नाशिकला रामनाम आधार आश्रम काढला. मैफिली मागं पडल्या. तुलसीरामायण गाऊन सांगायचं आणि रामनाम घ्यायचं, हाच दिनक्रम. रघुपती राघवची जी चाल आज घरोघर म्हणतात ती त्यांचीच मानतात. ती चाल नीट ऐका. फार वर जात नाही, फार खाली नाही; म्हातारा, पोर, बाई, गडी सगळे एकत्र म्हणू शकतात. तिन्ही सप्तकं पालथी घातलेल्या माणसानं लोकांसाठी इतकी सोपी वाट ठेवली.

२१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत त्यांनी देह ठेवला. जिथं पहिला सा लावला तेच गाव. दत्तात्रेय तेव्हा दहा वर्षांचा. वडिलांकडून शिकायला मिळालं ते थोडंच. पुढं वडिलांच्या शिष्यांनीच त्याला तयार केलं. तेच आपले द. वि. पलुस्कर, सगळ्यांचे बापूराव. त्यांचा आवाज वडिलांहून हलका, वर सहज जाणारा. १९५५ साली, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, तेही गेले. त्यांनी गायलेली रामाची भजनं रामनवमीला आजही नाशकात कानावर येतात.