विनायक ते विनोबा

विशेषनामांना लागणारे प्रत्यय अभ्यासताना एका विरळ नावाचा विचार करू. ‘विनोबा’ हे नाव उच्चारताच एकच व्यक्ती आठवते.

विनायक नरहर भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातील गागोदे येथे झाला. आई रुक्मिणीबाई त्यांना ‘विन्या’ म्हणत. येथे ‘-या’ प्रत्यय जवळीक दाखवतो. परक्याच्या तोंडी तोच तुच्छता दाखवू शकतो. पुढे कुटुंब बडोद्यास गेले. वडिलांच्या इच्छेनुसार विनायकाने शाळेत फ्रेंच घेतली, तर आईची ओढ संस्कृतकडे होती. आपली प्रमाणपत्रे त्याने चुलीत जाळली. १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेला हा तरुण सुरतेस उतरून काशीला गेला आणि ७ जून रोजी अहमदाबादेत गांधीजींना भेटला.

आश्रमात ‘विनायक’चे ‘विनोबा’ झाले. ज्ञानोबा, तुकोबा, चोखोबा ही संतनामे आणि विठोबा, खंडोबा ही दैवतनामे याच घडणीची आहेत. मूळ नाव आखडते आणि ‘-ओबा’ लागून त्यात आदर व माया एकत्र येतात. त्यांचे बंधू बाळकृष्ण याच रीतीने ‘बाळकोबा’ झाले.

१९१८ मध्ये आई निवर्तल्या. त्यांना समजेल अशी मराठी गीता विनोबांनी १९३०-३१ मध्ये रचली. ‘गीताई’ या शीर्षकात ग्रंथनाम आणि ‘आई’ एक झाले आहेत. १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्ली येथे भूमिहीनांसाठी शंभर एकर जमीन मिळाली आणि भूदानाची पदयात्रा सुरू झाली. दानातील पुष्कळ जमीन नापीक वा वादग्रस्त निघाली, हेही नोंदवले पाहिजे.

शेजारच्या रोह्याचे चिंतामणराव देशमुख विनोबांहून चार महिन्यांनी लहान. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे केंद्रीय अर्थमंत्री झालेले हे विद्वान ‘सी. डी.’ या इंग्रजी आद्याक्षरांनी ओळखले गेले. विनायक आणि चिंतामणी ही दोन्ही गणपतीचीच नावे. परंतु एकास संतपरंपरेचे रूप लाभले, दुसऱ्यास प्रशासनाचे. दोघेही १९८२ मध्ये निवर्तले : देशमुख २ ऑक्टोबरला, विनोबा १५ नोव्हेंबरला पवनार येथे.

आईवडील नाव ठेवतात; त्याचे रूप मात्र आयुष्य आणि समाज मिळून घडवतात.

सराव : आपल्या परिसरातील ‘-या’, ‘-बा’ व ‘-राव’ असे प्रत्यय लागलेली प्रत्येकी तीन नावे नोंदवा. ती कोण, कोणास आणि कोणत्या प्रसंगी वापरतो, ते लिहा.