न्येरेरे : विकेंद्रीकरणाचा धडा

ज्यूलियस न्येरेरे यांना टांझानियाची जनता आदराने ‘म्वालिमू’, म्हणजे गुरुजी, म्हणत असे. १९२२ साली बुटियामा येथे टोळीप्रमुखाच्या घरी जन्मलेल्या या शिक्षकाने स्वातंत्र्यानंतर टोळीप्रमुखांचा प्रशासकीय अधिकार संपुष्टात आणला आणि ग्रामीण कारभार निर्वाचित जिल्हा परिषदांकडे सोपविला. परंतु या परिषदांजवळ ना पुरेसा पैसा होता, ना प्रशिक्षित नोकरवर्ग. विकासाची गती वाढावी म्हणून १९७२ मध्ये न्येरेरे यांनी विकेंद्रीकरण जाहीर केले आणि त्याच नावाखाली परिषदा विसर्जित केल्या. दार-एस-सलाममधील अधिकारी जिल्ह्यांत आले. निर्णयाचा अधिकार मात्र गावकऱ्यांपर्यंत पोहोचलाच नाही. १९७३ ते १९७६ या काळात लक्षावधी ग्रामस्थांना नव्या वसाहतींत हलविण्यात आले, कित्येक ठिकाणी सक्तीने. त्यांची बाजू मांडील अशी निर्वाचित जिल्हा संस्था तेव्हा उरली नव्हती.

१९८२ च्या कायद्यांनी परिषदांच्या पुनरुज्जीवनाचा मार्ग मोकळा झाला. त्या मोडणे ही चूक होती, अशी कबुली न्येरेरे यांनी स्वतःच दिली. १९८५ मध्ये ते स्वेच्छेने अध्यक्षपदावरून निवृत्त झाले. १९९९ मध्ये त्यांचे निधन झाले. अधिकारी खेड्याजवळ नेल्याने सत्ता खेड्याची होत नाही, हा त्यांच्या कारकीर्दीचा धडा. तो स्वतःच्या चुकीतून शिकणारा राज्यकर्ता विरळाच.