समाजस्वास्थ्यकार प्रा. र. धों. कर्वे

आमच्या अंकात संतसत्पुरुषांची चरित्रे नेहमी येतात. यंदा, ज्यांच्या मासिकाचे नाव घरात मोठ्याने घेण्यास एके काळी लोक कचरत, अशा पुरुषाचे चरित्र आम्ही देत आहोत. मावळ-लोणावळ्यातील ज्ञातिबांधवांनी, विशेषतः भगिनींनी, ते अवश्य वाचावे.

रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी मुरुड येथे झाला. महर्षी अण्णासाहेब कर्वे यांचे हे चिरंजीव. १८९१ साली मातोश्री राधाबाई बाळंतपणात निवर्तल्या, तेव्हा रघुनाथ अवघे नऊ वर्षांचे होते. पुढे अण्णासाहेबांनी विधवेशी विवाह करून लोकांचा केवढा रोष पत्करला हे सर्वश्रुतच आहे. लोकापवादास न भिण्याचा धडा मुलास घरातच मिळाला. १८९९ मध्ये ते मॅट्रिकला पहिले आले व कालांतराने मुंबईस विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले.

१९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंचे केंद्र निघाले तेही त्याच वर्षी! या कार्यापायी १९२५ साली प्राध्यापकी गेली. १९२७ च्या जुलैत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि अखेरपर्यंत पदरमोड करून चालविले. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले, तरी दोनशे रुपये दंड झालाच.

कर्व्यांची बुद्धी गणिती. कामवासना ही भुकेसारखीच शरीराची गरज. रोग टळावा, नको असलेली गर्भधारणा टळावी, मग उरले ते ज्याचे त्याने ठरवावे, असा त्यांचा हिशेब. बाळंतपणात बायका मरत असता धर्माच्या नावाने गप्प बसणाऱ्यांपेक्षा हा हिशेब शतपटीने सदय होता, हे आम्ही निःसंकोच लिहितो. परंतु मत्सर, लज्जा, माया यांचा उलगडाही ते केवळ तर्कानेच करू पाहत, आणि तेथे हा हिशेब तोकडा पडतो असे आम्हांस वाटते.

आमच्या लोणावळ्याचेच उदाहरण घ्या. कर्व्यांहून एकाच वर्षाने लहान असलेल्या स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली येथे कैवल्यधाम स्थापिले व योगक्रिया यंत्रांनी तपासून पाहिल्या. शास्त्रावर निष्ठा दोघांचीही. पण स्वामींनी ब्रह्मचर्य आचरिले, तर कर्व्यांना ते अनैसर्गिक वाटे. यंत्र देहातील दाब मोजील. कसे जगावे हा कौल ते देत नाही.

दुसरे उदाहरण याहून जवळचे. हेमा राईरकर व गी पॉइतवँ यांनी मावळ-मुळशीकडील बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. पुढे महाराष्ट्रभर मिळून त्या संग्रहात लाखावर ओव्या जमल्या. नवऱ्याचे अबोलपण, सवतीचे दुःख, सीतेचा वनवास हे सारे त्यांत आहे. कोणत्याही दवाखान्याच्या वहीत याची नोंद सापडावयाची नाही.

खुद्द कर्व्यांच्या घरातही हेच दिसते. मूल न होऊ देण्याचा निश्चय पति-पत्नी दोघांनी मिळून केला होता. नोकरी गेली, निंदा झाली, घरात पैशाची चणचण. तरी मालतीबाईंनी साथ सोडली नाही. (चरित्रकार त्यांना फार थोड्या ओळी देतात, हे आम्हांस खटकते.) ही साथ कोणत्या शास्त्राने दिली? तिच्यावाचून ते मासिक किती दिवस चालले असते?

१९५२ साली सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला. पुढच्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५३ रोजी, कर्वे वारले आणि मासिकही थांबले. त्या वेळी अण्णासाहेब पंचाण्णव वर्षांचे होते. पुत्राच्या मागे ते आणखी नऊ वर्षे जगले.