केन बॉयर
केंटन लॉइड बॉयर (२० मे, १९३१:लिबर्टी, मिसूरी, अमेरिका - ७ सप्टेंबर, १९८२:सेंट लुइस, मिसूरी, अमेरिका) हे अमेरिकेचे व्यावसायिक बेसबॉल खेळाडू व प्रशिक्षक होते. मेजर लीग बेसबॉलमधील कारकिर्दीचा मोठा भाग ते सेंट लुइस कार्डिनल्सकडून तिसऱ्या बेसवर खेळले. या जागेवरील क्षेत्ररक्षणासाठी त्यांना पाच वेळा गोल्ड ग्लोव्ह पुरस्कार मिळाला.

सुरुवातीचे जीवन
बॉयर यांचे बालपण मिसूरीतील आल्बा या छोट्या गावात गेले. चौदा भावंडांपैकी सात भाऊ व्यावसायिक बेसबॉल खेळले आणि क्लॉइड, केन व क्लीट हे तिघे मेजर लीगपर्यंत पोचले. कार्डिनल्सनी १९४९ मध्ये केन यांना करारबद्ध केले ते चेंडू फेकणारा पिचर म्हणून. पुढे फलंदाजीतील गुण पाहून त्यांना तिसऱ्या बेसवर आणले गेले. कोरियन युद्धाच्या काळातील लष्करी सेवेनंतर १९५५ मध्ये त्यांनी मेजर लीगमध्ये पदार्पण केले.

क्षेत्ररक्षण आणि गोल्ड ग्लोव्ह
तिसरा बेस फलंदाजाच्या जवळ असतो आणि उजव्या हाताच्या फलंदाजांचे जोरकस फटके तेथेच येतात. असा चेंडू अडवून सुमारे ३९ मीटर अंतरावरील पहिल्या बेसकडे अचूक फेकावा लागतो. झेपेइतकेच फेकीचे बळही येथे लागते, आणि पिचर राहिलेल्या बॉयर यांच्याकडे ते होते.

क्रीडासाहित्य बनवणाऱ्या रॉलिंग्ज कंपनीने गोल्ड ग्लोव्ह पुरस्कार १९५७ मध्ये सुरू केला. पहिल्या वर्षी दोन्ही लीग मिळून प्रत्येक जागेसाठी एकच पुरस्कार होता. तिसऱ्या बेसचा मान बॉस्टन रेड सॉक्सच्या फ्रँक माल्झोन यांना मिळाला. त्या हंगामात बॉयर यांना संघाच्या गरजेपोटी मुख्यतः सेंटर फील्डमध्ये खेळावे लागले होते. १९५८ मध्ये ते तिसऱ्या बेसवर परतले आणि प्रत्येक लीगला स्वतंत्र पुरस्कार मिळू लागल्यावर नॅशनल लीगचा पुरस्कार त्यांनी १९५८ ते १९६१ अशी सलग चार वर्षे आणि पुन्हा १९६३ मध्ये मिळवला.

त्यांच्या हालचाली इतक्या सहज असत की ते पुरेसे कष्ट घेत नाहीत, असा सेंट लुइसमधील काही प्रेक्षकांचा समज झाला. घरच्याच मैदानावर त्यांची हुर्यो उडवली जाई. त्या काळात गोल्ड ग्लोव्हचे विजेते खेळाडूंच्या मतांनी ठरत. गॅलरीतून जी बेफिकिरी वाटे, तिची किंमत मैदानावरील खेळाडूंना ठाऊक होती, असेच म्हणावे लागेल.

न्यू यॉर्क यांकीजकडून तिसऱ्या बेसवर खेळणारे धाकटे बंधू क्लीट यांना अनेक जाणकार क्षेत्ररक्षणात केन यांच्याहून सरस मानत. परंतु अमेरिकन लीगमध्ये १९६० ते १९७५ अशी सोळा वर्षे हा पुरस्कार बाल्टिमोर ओरिओल्सच्या ब्रुक्स रॉबिन्सन यांच्याकडेच राहिला. क्लीट यांना एकमेव गोल्ड ग्लोव्ह मिळाला तो १९६९ मध्ये, अटलांटा ब्रेव्हजकडून नॅशनल लीगमध्ये खेळताना.

१९६४ चा हंगाम
या वर्षी बॉयर यांनी २४ होम रन मारले आणि त्यांच्या फटक्यांवर ११९ धावा झाल्या. त्यांना नॅशनल लीगचा सर्वांत मौल्यवान खेळाडू निवडण्यात आले. गोल्ड ग्लोव्ह मात्र शिकागो कब्जच्या रॉन सँटो यांना मिळाला. वर्ल्ड सिरीजमध्ये बॉयर बंधू परस्परांविरुद्ध खेळले. यांकीज मालिकेत २-१ ने पुढे असताना चौथ्या सामन्यात कार्डिनल्स ०-३ ने मागे होते. तेव्हा केन यांनी ग्रँड स्लॅम मारून एका फटक्यात चार धावा केल्या व सामना ४-३ असा जिंकून दिला. सातव्या सामन्यात दोघाही भावांनी होम रन मारले. कार्डिनल्स विजेते ठरले.

उत्तरायुष्य
पाठीच्या दुखण्यामुळे खेळ मंदावल्यावर १९६५ च्या अखेरीस त्यांना न्यू यॉर्क मेट्सकडे पाठवण्यात आले. शिकागो व्हाइट सॉक्स व लॉस एंजेलस डॉजर्सकडून खेळून ते १९६९ मध्ये निवृत्त झाले. १९७८ पासून ते कार्डिनल्सचे मॅनेजर होते; जून १९८० मध्ये एकाच दिवशीच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत त्यांना पदावरून दूर करण्यात आले. दोन वर्षांनी, वयाच्या ५१ व्या वर्षी, फुफ्फुसाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये त्यांची निवड झालेली नाही. तरीही कार्डिनल्सनी १९८४ मध्ये त्यांचा १४ हा क्रमांक निवृत्त केला; त्या संघात आता तो दुसऱ्या कोणालाही दिला जात नाही.